मार्कसचा आवाज

कार्टूनच्या मराठी डबिंगमध्ये सात वर्षं मी मार्कस बोललो. मार्कस म्हणजे कॅप्टनचा काळा जोडीदार. मूळ इंग्रजीत दोघांची भाषा एकच, पण मराठीत गोरा कॅप्टन शुद्ध बोलायचा आणि मार्कस माझ्या जतच्या बोलीत. कॅप्टनचा आवाज उपासनींचा. भाषणं त्यांना, घाबरून ओरडणं मला. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

या वर्षी गोष्टीत कॅप्टन मेला आणि मार्कस त्याच्या जागी आला. त्याचं पहिलं भाषण मी घरी आठ दिवस घोटलं, शुद्ध मराठीत.

“सुरवसे, मार्कस आता हीरो झालाय,” दिग्दर्शिका म्हणाली. “तो उपासनी बोलतील. तुम्ही त्याचा नवा मदतनीस करा. तोही काळाच आहे.”

रेकॉर्डिंगच्या खोलीत उपासनी ते भाषण बोलले, काचेपलीकडून मी ऐकत राहिलो. माझ्या मार्कसच्या तोंडी उपासनींचा आवाज छान बसत होता, त्याचाच जास्त राग आला.

मग मला आत बोलावलं. मदतनिसाचं पहिलंच वाक्य मार्कसला उद्देशून होतं.

“तुमच्यावानी बोलाय मला कवा जमायचं, साहेब?”

पहिल्याच टेकला ओके.

“अगदी आतून आलं,” दिग्दर्शिका म्हणाली.