वाकलेल्या पिना

प्रोसेसर तळहातावर उलटा धरून सर्जनने डोळ्याला भिंग लावलं आणि तो बराच वेळ नुसता न्याहाळत राहिला. पेशंटच्या नातेवाइकांना ताटकळत ठेवायची त्याची जुनी खोड. नातेवाईक दोन होते. एक भूगोल, म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, कॉम्प्युटर त्याचाच. दुसरा कॅशियर, ज्याच्या मते जगातला प्रत्येक बिघाड व्हायरसमुळे होतो. सर्जनही काही खरा सर्जन नव्हे. जन्मभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले, म्हातारपणी दोस्तांचे कॉम्प्युटर उघडायला लागला आणि हे नाव चिकटलं.

"तीन पिना वाकल्यात," तो शेवटी म्हणाला. "केलंस तरी काय?"

"धूळ साफ करत होतो. पंखा निघेना. जरा जोर लावला, तर त्याच्याबरोबर हा चौकोनसुद्धा उपटून वर आला. मग परत दाबून बसवला."

"दाबून?"

"बसत नव्हता म्हणून."

"अरे, ते काय डब्याचं झाकण आहे? खाली शेकडो पिना आहेत. मधली पेस्ट सुकली की पंखा प्रोसेसरला सोडत नाही. आधी मशीन चालवून गरम करायचं, मग पंखा हळूच फिरवून काढायचा. कितीदा सांगितलंय तुला!"

"एकदाही नाही."

"मग आता सांगितलं."

"पण व्हायरस नसेलच कशावरून?" कॅशियरने विचारलं. दोघांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

सर्जन खुशीत होता. दवाखान्यातून घरी आल्यापासून दोस्त यायचे, तब्येत विचारायचे, गप्पा हाणायचे. पण कुणाचंही मशीन बिघडत नव्हतं. एवढी गुणी मशिनं पूर्वी कधी नव्हती, हे न कळण्याइतका तो खुळा नव्हता. आज पहिल्यांदा कुणीतरी खोकं उचलून त्याच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. त्याचा उजवा हात त्या खोक्याशेजारी पडला होता आणि थरथरत होता. दोघेही त्या हाताकडे बघायचं टाळत होते, आणि ते टाळणं हाताच्या थरथरीपेक्षा जास्त दिसत होतं.

त्याने खटक्याची पेन्सिल घेतली आणि आतलं शिसं काढून टाकलं. "ह्या पोकळ टोकात पिन जाते. पेन्सिल सरळ केली की पिन सरळ."

"आणि मोडली तर?" कॅशियर म्हणाला.

"तर प्रोसेसर गेला."

"घाई काय आहे?" भूगोल म्हणाला. " तू दमला असशील. राहू दे आज."

"राहू दे कसं? दुरुस्तीचा दुकानवाला न्यायला येईल ना आता..." कॅशियर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

भूगोलने चष्मा काढून उगाच पुसला. "तुला त्रास नको म्हणून रे. म्हटलं, तुलाही जरा बघायला मिळेल, मग ते घेऊन जातील."

सर्जनच्या जिव्हारी लागलं. आजारी पोराच्या हातात खुळखुळा द्यावा, तसं त्यांनी ते मशीन त्याच्यापुढे ठेवलं होतं. त्याला वाटलं, उठावं आणि दोघांनाही घालवून द्यावं. पण समोर तीन पिना वाकलेल्या होत्या, आणि त्या तशाच टाकून उठणं त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याने पेन्सिल भूगोलपुढे धरली.

"घे. मी सांगतो, तू कर. तुझा हात धड आहे."

भूगोल वाकला. पेन्सिलीचं टोक पिनेपाशी पोचलं आणि भीतीने असं नाचायला लागलं की कॅशियर ओरडला, "अरे, चौथी वाकवशील!"

"आण इकडे," सर्जन म्हणाला. "माझा हात निदान तालात थरथरतो."

त्याने कोपर टेबलावर रोवलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं. थरथर थांबली नाही, फक्त बारीक झाली. शर्टाची बटणं लावता लावता त्याला तिची नस सापडली होती: हात थोडा हलतो, मग किंचित विसावतो. तो त्या विसाव्याची वाट बघत राहिला. पहिली पिन टोकात गेली, सरळ झाली. दुसरीही. तिसरी मुळापासून वाकली होती. तिच्या वेळी कॅशियरने डोळे मिटून घेतले. सर्जनने ती थोडी उचलली, थांबला, परत थोडी उचलली.

प्रोसेसर जागेवर ठेवताच तो आपल्याच वजनाने खाली बसला. "बघ, दाबावं लागत नाही," सर्जन म्हणाला. नवी पेस्ट, पंखा, वायरी, बटण. पंखा फिरायला लागला. एक बारीकसा आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

"लागला! लागला रे!" भूगोल खुर्चीवरून उठलाच.

"म्हणजे व्हायरस नव्हता," कॅशियर म्हणाला.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. "मी त्याला परत पाठवतो," म्हणत भूगोल लगबगीने निघाला.

"बस तू. माझं घर आहे," सर्जन म्हणाला आणि स्वतः दार उघडायला गेला.

दारात दुकानवाला उभा होता, पाठीला हत्यारांची पिशवी लावून. "बंद पडलेला कॉम्प्युटर इथेच ना? फोन आला होता."

"इथेच. तीन पिना वाकल्या होत्या. पण झाला तो. सुरू आहे."

दुकानवाल्याने आत डोकावून पडद्याकडे पाहिलं. "पिना सरळ केल्या? कोणी?"

सर्जनने उजवा हात वर केला. तो चांगलाच थरथरत होता. समोरच्याने नीट बघेपर्यंत त्याने तो तसाच वर धरून ठेवला.