ताईंचं नाक

कल्पना करा, बाळांनो: एक दिवस तुम्हांला कशाचाच वास येईनासा झाला. घास तोंडात घातला, तर ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतंय. मग जेवाल का?

तापातून उठल्यापासून ताईंनी जेवण जवळजवळ टाकलंच होतं. त्यांचे धाकटे भाऊ अण्णा. जुन्या पोथ्यांचा अर्थ लावता लावता म्हातारे झालेले. अत्तरं आणि औषधं एकत्रच शिकवणारी एक पोथी घेऊन ते कित्येक महिने बसले होते. मेलेलं नाक जागं करणाऱ्या अर्काची कृती तिच्यात होती. पण ऐन मापाच्या जागी दर वेळी एकच वाक्य: पुढचं गुरूने दाखवावं.

"गुरू केव्हाच मातीत गेला. आता कुणाच्या नावाने बोंबलू?" अण्णा डोळे चोळत म्हणाले.

"खुपस अजून नाक पुस्तकात," पलंगावरून ताई म्हणाल्या. "माझं गेलंय, तुझं तरी शिल्लक ठेव."

अंदाजाने मापं धरून अण्णांनी कितीतरी अर्क काढले. दर वेळी ताई नुसती मान हलवायच्या. हा शेवटचा. हाही फसला तर नळीने अन्न द्यावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि अण्णांच्या पाठीनेही आता हात टेकले होते.

"चिमे, मागच्या खोलीतली बाटली आण गं."

नात जागची हलेना. "आत्ताच, आजोबा?"

"मग काय मुहूर्त काढू?"

चिमीने बाटली आणली. कशाचा वास ते रोग्याला आधी सांगू नये, अशी पोथीची ताकीद होती. अण्णांनी नुसतीच बाटली ताईंपुढे धरली. बाहीला मोगऱ्याची पाकळी चिकटली होती, ती झटकायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं.

ताईंनी बाटली हुंगली. मग भावाकडे नीट पाहिलं.

"मोगरा."

"काय म्हणालीस?"

"मोगरा रे! आता कानही गेले का तुझे? आणि काहीतरी खायला आण. पोटात कावळे ओरडताहेत."

ताईंनी ताट पुसून खाल्लं. अण्णांनी पोथी बांधून ठेवली, बाटली स्वतःच्या नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"साधलं गं ताई. अगदी झाडाखाली बसल्यासारखं वाटतंय. चिमे, तूही हुंग."

सकाळी आपल्याच हातून सगळा अर्क मोरीत सांडल्यावर जिच्यात नळाचं पाणी भरून ठेवलं होतं, ती बाटली चिमीने नाकाशी धरली, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो आजोबा, मोगराच."