नाव घे

टीव्हीवर पुन्हा तेच: ‘सर्व्हर सापडला नाही.’ मी वायर उपटून परत खोचली. मागे आईच्या येरझारा चालूच होत्या.

बाबा गेल्यावर त्यांचे सगळे व्हिडिओ मी साबणदाणीएवढ्या कॉम्प्युटरवर चढवले होते, आईला टीव्हीवर बघता यावेत म्हणून. तोच हा सर्व्हर. एकदाचा सापडला. मी रिमोट तिच्या तोंडापुढे धरला.

“यात बाबांचं नाव घे, की व्हिडिओ लागेल.”

“तूच घे. इतक्या वर्षांत मी कधी त्यांना नावाने हाक मारलीय का?”

“मग उखाण्यात घे!” मी वैतागले.

आईने पदर सावरला, घसा खाकरला. रिमोटमध्ये हळूच म्हणाली, “पद्माकर.”

व्हिडिओ लागला. कुंडीवर वाकलेल्या बाबांनी चमकून मान वर केली.

“काय गं?”