शाहीर रेडिओवर येतो

गावाच्या इतिहासात सोन्याचा दिवस उगवला: खडी गंमत हा नाचगाण्याचा खेळ करणारा नत्थू शाहीर रेडिओवर येणार होता. इतिहासाला सात मिनिटं मिळाली होती. नत्थूला एवढंच हवं होतं, की दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत आपली पार्टी नाचावी. सरपंच मारोतराव ऐकून ठरवणार होते. पंचायतीच्या रेडिओसमोर सारे बसले, नत्थूही. गाणं रंगताच मारोतरावांनी रेडिओवर दोनची नोट ठेवली. नोट पडली की शाहिरानं थांबून देणाऱ्याचं नाव पुकारायचं, हा रिवाज. गाणं थांबलंच नाही. संपल्यावर खताची माहिती लागली. “नत्थू, माहं नाव काहून नाही घेतलं?” “मामाजी, हे गाणं तर मी महिन्यामागंच नागपुरात गाऊन आलो.” “मंग महिन्यामागं मी सरपंच नव्हतो काय?” मुद्दा बिनतोड होता. मंडईत आंधळगावची पार्टी नाचली. तिनं मारोतरावांचं नाव अकरा वेळा घेतलं.