हाक पोचते कुठं

"ऋतेऽऽ, ओ दे गं!"

आई, सिंधूबाई, शेवंतीच्या वावरातून अशी हाक मारायची. ओ मिळेपर्यंत थांबायची नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी कवठे येमाईच्या घरी, ओसरीवर लॅपटॉप उघडला की ऋतिकाला ती हाक आठवे.

तिचं कामही हाकांचंच. कंपनीच्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालायचा, नुसत्या प्रोग्रामनं उभा केलेला. त्याचं नेटवर्क कार्डही तसंच, प्रोग्रामनं केलेलं. निरोप आला की कार्डानं आतल्या मशीनला हाक मारायची. तिला म्हणायचं इंटरप्ट. पण सकाळपासून कार्ड हाका मारत होतं आणि मशीन ढिम्म.

शेजारी तिचे वडील, दगडोबा, फुलं निवडत बसले होते. गेल्या साली तिला कंपनीनं पहिल्यांदा बंगळूरला बोलावलं, त्याच सुमारास त्यांचे कान गेले. डॉक्टरचं नाव काढलं की हात झाडायचे.

"आबा, च्या घेता?" ती ओरडली.

"व्हय, पानी सोडलंय वावरात."

ती हसली. मग नेहमीसारखी पुटपुटत राहिली. ऐकू न येणाऱ्या बापापाशी मन मोकळं करणं सोपं जायचं.

"कार्ड चांगलं हाय, आबा. मधली वाट बी मोकळी. मंग हाक जाती कुठं? साहेब परत बोलावत्यात बंगळूरला. आज कळवायचंय. पन माझ्यामागं कुनी दारात हाक मारली, तर तुम्हाला कळंल कशी?"

दगडोबांच्या हातून पिवळी शेवंती पांढऱ्या फुलांच्या टोपलीत पडली.

"आता नजर बी गेली का काय तुमची," म्हणत तिनं ती मायेनं उचलून बाजूला टाकली.

मग तिनं आतलं मशीनच तपासायला घेतलं. बघता बघता टाळी वाजवली.

"सापडलं! हाक पोचतीया, आबा. या मशीननंच सुरू व्हताना हाका ऐकनं बंद करून ठेवलंय, आन् पुन्हा चालू केलंच न्हाई."

एक ओळ बदलली. मशीननं ओ दिली.

ऋतिकाचं हसू हळूहळू मावळलं. पाठमोरी बसून तिनं साहेबांचा मेल उघडला.

"न्हाई म्हनूनच कळवते," ती स्वतःशीच म्हणाली, ओठातल्या ओठात.

"नगं कळवू तसं, ऋते," फुलांवरची नजर न काढता दगडोबा म्हणाले. "जा तू. कान शाबूत हायेत माझे."