काचेचा संडास

संडास काचेचा होता. खोलीकडची भिंत अख्खी काचेची, दारही काचेचं. पलंगावर बसल्या बसल्या आतलं भांडं, बेसिन आणि घडी घालून ठेवलेले टॉवेल एका नजरेत दिसत. मास्तर औषधाची बाटली हातात घेऊन दारातच थबकले.

"कसली भारी खोली आहे ना, बाबा?" सून म्हणाली.

मास्तरांचं उभं आयुष्य शिवणयंत्रावर गेलं होतं, त्यामुळे घराबाहेर सगळे त्यांना मास्तरच म्हणत. उद्या सकाळी त्यांच्या आतड्यात दुर्बीण घालून बघणार होते. शौचावाटे दोनदा रक्त गेलं होतं, आणि डॉक्टरांनी आता लांबवू नका म्हणून बजावलं होतं. आतडं धुऊन निघावं म्हणून आज दुपारपासून ही बाटली घोट घोट करत संपवायची होती. अर्धवट घेतलीत तर तपासणी फुकट जाईल, असं नर्सने निघताना पुन्हा सांगितलं होतं.

घर लांब, हॉस्पिटल इथून दोन गल्ल्यांवर. मुलाने हॉटेल शोधलं ते त्यासाठीच. वस्ती सध्या नावाजलेली, दर खिशाला झेपणारा, आणि फोटोत खोली अशी दिसत होती की सुनेनेही दोन दिवसांची रजा टाकली. भिंतींना गिलावा नव्हता, मुद्दामच तशा ठेवल्या होत्या. पलंगाच्या डोक्यावर गुलाबी दिव्यांची अक्षरं जळत होती : मोकळं वाटू द्या.

"इथे पडदा नाही का रे?" मास्तरांनी मुलाला विचारलं.

मुलाने खाली फोन लावला. "नाही म्हणतात. सगळ्या खोल्या अशाच आहेत. डिझाइनच तसं आहे."

"चादर लावू."

"कशाला अडकवणार, बाबा? खिळा कुठे आहे?"

मास्तरांनी वर पाहिलं. खिळा खरंच कुठे नव्हता.

औषध खारट होतं आणि त्याला संत्र्याचा खोटा वास होता. पहिल्या पेल्यानंतर पोटात गुरगुरायला लागलं तशी सून न सांगता खाली गेली. मुलगा थांबला. चक्कर येते, एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. दुसऱ्या वेळीही सून गेली, पण दार जरा जोरात लागलं.

तिसऱ्या वेळी ती उठलीच नाही.

"मी काय दिवसभर जिन्यावरून वरखाली करत राहू?" ती नवऱ्याला म्हणाली. मग मास्तरांकडे वळून गोड आवाजात, "बाबा, मी तुम्हाला मुलीसारखीच ना? मग लाजायचं कशाला?"

"खालचा संडास चालेल मला," मास्तर म्हणाले.

"तिथवर पोचाल का?" मुलगा म्हणाला. "लॉबीत काही झालं म्हणजे? आम्ही पाठ करून बसतो. झालं?"

दुकानात एखादी बाई ब्लाउज घालून बघायला आली की मास्तर उठून बाहेर पायरीवर जात आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. आत जाड पडदा होता, त्यामागे कडी लागणारं दार होतं. तरीही आतून हाक येईपर्यंत ते मागे वळत नसत. पाऊस असला तर भिजत. शेजारचा घड्याळवाला चेष्टा करायचा, "मास्तर, गिऱ्हाईक आत आणि मालक बाहेर!"

पोटात पीळ पडला. बाटली घट्ट धरून मास्तर आत गेले. काचेचं दार आवाज न करता लागलं.

मुलगा आणि सून पलंगाच्या कडेवर, काचेकडे पाठ करून बसले. कबूल केल्याप्रमाणे. मास्तरांनी धोतर सावरलं, मान खाली घातली, नळ सोडून ठेवला. तरी जो आवाज व्हायचा तो झालाच. त्यांना स्वतःच्या शरीराची शिसारी आली. बाहेर सून फिस्सकन हसली, आणि मुलाने तिला कोपर मारलं. मग तोही हसला.

मास्तरांनी मान वर केली.

सुनेने मोबाइल हात लांब करून उंच धरला होता. त्यात दोघांचे चेहरे होते, वर गुलाबी अक्षरं होती. दोघांच्या खांद्यांच्या मधल्या जागेत, काचेपलीकडे, भांड्यावर एक म्हातारा बसलेला होता.

"हस ना नीट," ती नवऱ्याला म्हणाली. "अजून एक."

मास्तर उठले. पाणी सोडलं, हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. बाटली उजेडात धरून पाहिली. निम्म्याहून जास्त औषध शिल्लक होतं. त्यांनी झाकण काढलं आणि बाटली बेसिनमध्ये उपडी केली. सावकाश, घाई न करता. संत्र्याचा वास नाकात गेला. रिकामी बाटली विसळून त्यांनी पुन्हा झाकण लावलं.

काच लख्ख होती. कुणी मान वळवली असती तर सगळं दिसलं असतं. दोघं मोबाइलवर वाकून कुठला फोटो ठेवायचा ते ठरवत होते.

मास्तर बाहेर आले.

"संपलं का, बाबा?" मुलाने मान वर न करता विचारलं.

"संपलं."

"बघा, झालं की नाही?" सून म्हणाली. "उगाच लाजत होतात."