टाचणीवरचा बिल्ला

"हा शिवला कोणी?"

गीतांजली मॅडमचा आवाज असा चढला, की शाइस्ताचा पाय शिलाई मशीनवरून खाली आला.

"मीच शिवला. टाचणीवर लटकून राहिला होता, पडला असता ना. काहून, वाकडा बसला का?"

वलगाव रोडवरच्या तिच्या दुकानात निळी चादर पसरली होती. अंतराळात माणसं घेऊन गेलेल्या यानांचे कशिद्याचे बिल्ले मॅडम वीस वर्षं जमवून या चादरीवर लावत होत्या. शाळेच्या प्रदर्शनासाठी चादरीला काठ लावायला म्हणून त्यांनी ती शाइस्ताकडे टाकली होती. नवा बिल्ला टाचणीवर. यानातली माणसं सुखरूप परतली, की मगच त्याला टाका घालायचा, हा मॅडमचा नेम. कोपऱ्यातले दोन बिल्ले कायमचे टाचणीवर होते. त्यांची माणसं परत आलीच नाहीत. त्या दोघांना हात लावायचा नाही, एवढंच शाइस्ताला माहीत होतं. तिसऱ्याला टाका घालायचा राहून गेला, असं तिला वाटलं आणि तिथंच घोळ झाला.

"अगं, हे चौघं अजून वर हायेत! आत्ता उतरून राहिले!"

मॅडमनी थेट प्रक्षेपण चालू असलेला मोबाइल मशीनला टेकवला. यान पृथ्वीच्या हवेत शिरलं होतं. बाहेर आगीचा लोळ, आत चार माणसं, आणि संपर्क तुटलेला.

"टाका घातला म्हणून कोणी मरते काय मॅडम?" शाइस्ताला हसू आलं. पण मॅडम स्वतःच नखानं टाका उचकटू लागल्या. तिनं ब्लेड उचललं.

शिलाई पक्की, अशी तिची अख्ख्या मोहल्ल्यात ख्याती. आज ती तिच्याच मुळावर आली. एकेक टाका उसवताना कडेनं विणलेली नावं तिच्या बोटांखालून सरकू लागली. चार नावं. त्यातलं एक बाईचं. सुई तिनं नेमकी त्या नावांतून घातली होती.

मोबाइलमधून कोणीतरी यानाला हाक मारत होतं. उत्तर येत नव्हतं. पुन्हा हाक. पुन्हा काही नाही.

आता शाइस्ता भराभर टाके उसवू लागली. "या अल्ला, माह्यामुळं नको," ती पुटपुटली. ब्लेड अंगठ्यात घुसलं, तरी ती थांबली नाही. शेवटचा धागा तुटला आणि बिल्ला मोकळा होऊन तिच्या हातात आला. मोबाइलमध्ये अजून नुसत्या हाकाच चालू होत्या.

मग खरखर झाली. यानातून एक माणूस बोलला, अगदी साध्या आवाजात. पाठोपाठ यानाच्या हवाई छत्र्या उघडल्या. यान समुद्रात टेकलं तशा मॅडम मटकन स्टुलावर बसल्या आणि रडता रडता हसल्या.

"आले गं बाई! लाव आता टाका."

शाइस्तानं बिल्ला मुठीत घट्ट धरला. तिची नजर मोबाइलवरून हलेना.

"थांबा मॅडम. यानाचा दरवाजा उघडू द्या. चौघंबी बाहेर येऊ द्या."